ऐकीव गोष्ट आणि पुरावा

(नाशिक येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वकील बोलावयास उभा राहिला की तो जातीच्या दाखल्यावर, जमिनीच्या हक्कावर किंवा अत्याचाराच्या फिर्यादीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. आणि ती रास्त आहे. परंतु आज मी आपल्या रोजच्या सहज बोलण्याविषयी बोलणार आहे. चहाच्या टपरीवर, विहाराच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात आणि आता हातातल्या मोबाइलवर आपण किती तरी विषय चघळत असतो. ग्रहण का लागते, लेणी कोणी खोदली, नव्या नोटेत काय दडले आहे, परदेशांतील लढाई कोण जिंकणार, या सर्वांवर आपण मत देतो. जे सभेस येऊ शकले नाहीत त्या वाचकांसाठी ते भाषण येथे देत आहे. त्यांनीही आपण समोरच बसलो आहोत असे समजावे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. या गप्पांना माझा विरोध नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसावे लागले, त्यांच्या नाती आज उपग्रहांवर आणि युरोपातील युद्धावर वाद घालतात, ही लहानसहान मिळकत नव्हे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने आपणांस बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि ते आपण पुरेपूर वापरले पाहिजे. परंतु मिळकत हाती आली की तिचे कागद सांभाळावे लागतात. बोलण्याच्या मिळकतीचे कागद म्हणजे पुरावा. तो आपण सांभाळतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

न्यायालयात एक प्रसंग मी वारंवार पाहिला आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि छातीठोकपणे सांगतो, "साहेब, बांध यानेच कोरला." न्यायाधीश विचारतात, "तुम्ही स्वतः पाहिले काय?" तो म्हणतो, "मी नाही पाहिले. पण सगळे गाव म्हणते." एवढ्यावर त्याच्या साक्षीतील जीव निघून जातो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमात हा नियम होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला, आणि तोच नियम त्याच्या ५५ व्या कलमात आहे. पाहण्याची गोष्ट असेल तर जो म्हणतो "मी पाहिली" त्याने सांगावी. ऐकण्याची असेल तर जो म्हणतो "मी ऐकली" त्याने सांगावी. मोबाइलमधील चित्र किंवा ध्वनिफीत दाखल करावयाची असेल तर ६३ व्या कलमाप्रमाणे ती कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. या नियमांस अपवाद आहेत, परंतु मूळ दंडक हाच आहे.

अर्ध्या गुंठ्याच्या बांधासाठी आपण एवढी चौकशी मागतो, आणि साऱ्या जगाच्या इतिहासाविषयी किंवा एखाद्या परक्या माणसाच्या चारित्र्याविषयी मात्र "सगळे म्हणतात" एवढ्यावर समाधान मानतो, हे विचित्र नाही काय?

कोणी म्हणेल, हा वकिलांचा कीस झाला. सामान्य माणसाला याचे काय? त्यास माझे उत्तर असे की, हा नियम सर्वांत अधिक आपल्याच कामाचा आहे. आपल्या वाडवडिलांना कोणत्या पुराव्यावर अस्पृश्य ठरविले होते? त्यांच्या सावलीने पाणी विटाळते हे कोणी पाहिले होते? कोणी तपासले होते? सगळे म्हणत होते, म्हणून ते खरे मानले गेले. ऐकीव गोष्टीने पिढ्यान्‌पिढ्या माणसे गावकुसाबाहेर ठेवली. बलवंताचे पुराव्यावाचून भागते, कारण त्याचा शब्द चालतो. दुर्बळाला मात्र पुराव्यावाचून दुसरा आधार नसतो. म्हणून पुरावा मागण्याची सवय हे दुर्बळाचे संरक्षण आहे, आणि ती सवय आपणच मोडली तर आपल्या घराची भिंत आपणच पाडली असे होईल. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हाच मार्ग दाखविला होता. एखादी गोष्ट परंपरेने आली किंवा सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरून ती मान्य न करता, ती हिताची आहे की अहिताची हे स्वतः पारखून घ्यावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

आता उदाहरणे पाहू. पहिले इतिहासाचे, आणि तेही आपल्या नाशिकचेच.

मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात आणि पांडवांनी ती वनवासात एका रात्रीत खोदली अशी कथा सांगतात. ही कथा सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरच उत्तर कोरलेले होते. परंतु ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या लोपली होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि पुढे भगवानलाल इंद्रजी, भांडारकर, सेनार यांसारख्या विद्वानांनी नाशिकचे लेख वाचून प्रसिद्ध केले. तेव्हा भिंत बोलू लागली.

दहाव्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने हे लेणे भिक्षुसंघास दिले आणि सोबत तीन हजार कहापणांची कायम ठेव ठेवली. ठेव कोठे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत. एकीत दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीत एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट आहे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी द्यावयाचे.

मी वकील असल्यामुळे हा लेख वाचताच हिशेब करून पाहिला. तुम्हीही करा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्यास वीस आणि वर्षास दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा. तेही दोनशे चाळीस. हिशेब पैपर्यंत जुळतो. शिवाय हे दान निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदविले असे लेखातच म्हटले आहे. म्हणजे दाता, रक्कम, ठेवीची जागा, व्याजाचा दर, लाभार्थी आणि नोंदणी, सर्व काही त्यात आहे. आजच्या एखाद्या न्यासपत्रात याहून अधिक काय असते?

परंतु येथे एक खबरदारी घ्यावयाची आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यात अर्जुन आणि भीमसेन ही नावे खरोखरच येतात. अर्धवट वाचणारा म्हणेल, "पाहा, पांडवांचा पुरावा सापडला!" पूर्ण वाचणाऱ्यास दिसेल की, आपल्या मुलाचा पराक्रम वर्णन करताना त्या मातेने या वीरांची उपमा दिली आहे, लेणे खोदल्याचा तेथे संबंध नाही. आणि आता आपल्या बाजूनेही प्रामाणिक राहू. ज्या उषवदाताने भिक्षुसंघास दान दिले, त्यानेच तीन लाख गाई दान दिल्या आणि देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिली, असेही त्याच लेण्यातील त्याचा दुसरा लेख सांगतो. ही ओळ गाळून केवळ आपल्या सोयीची ओळ सांगणारा मनुष्य पांडवांची कथा सांगणाऱ्याहून वेगळा नाही. एका खोट्या कथेस दुसऱ्या खोट्या कथेने उत्तर देण्याची आपणांस गरज नाही. खरी भिंत आपल्याजवळ उभी आहे. मुलांना घेऊन एका रविवारी तेथे जा आणि वीस गुणिले बारा हा हिशेब त्यांच्याकडून करून घ्या.

दुसरे उदाहरण यंत्रविद्येचे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि दोन हजारांची नवी नोट आली. लागलीच बोलबाला झाला की, या नोटेत एक सूक्ष्म चिप आहे, आणि नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला तिचा पत्ता लागतो. नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. नोटेचा कागद आणि शाई यांविषयी ज्यांच्या शेजारीपाजारी जन्मभर बोलणे चालले, त्या आपल्या शहरातही ही गोष्ट लोकांनी मानली. रिझर्व्ह बँकेने नोटेची वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली होती आणि त्यांत चिपेचा उल्लेखही नव्हता; परंतु ती वाचण्याचे कष्ट घेणारे थोडे.

यात विज्ञानाचा थोडा विचार केला असता तरी भागले असते. मार्ग दाखविणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ संकेत पाठवीत असतात. आपल्या हातातील यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत पकडते आणि आपण कोठे आहोत याचा हिशेब स्वतः करते. उपग्रहाला आपला ठावठिकाणा ठाऊक नसतो. तो कोणाला कळवावयाचा तर त्या यंत्रात कळविण्याची निराळी सोय हवी आणि तिला वीज हवी. कागदी नोटेत वीज कोठून येणार? आणि तो क्षीण संकेत शंभर मीटर मातीतून जाणार कसा? इतके दोन प्रश्न विचारले असते तर गोष्ट जागच्या जागी मिटली असती. पुढे १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले, आणि लोकांनी ती मुकाट्याने बँकेत नेऊन भरली.

तिसरे उदाहरण शरीरविज्ञानाचे. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता वैद्यकीय सेवकांच्या सन्मानार्थ टाळ्या वाजवाव्यात असे पंतप्रधानांनी आवाहन केले होते. सन्मान योग्यच होता. परंतु त्याला एक शेपूट चिकटले. त्या दिवशी अमावस्या असून विषाणूंचे बळ वाढलेले असते, आणि टाळ्या व शंखाच्या कंपनाने ते नष्ट होते, असे संदेश फिरू लागले. सरकारच्या पत्रसूचना कार्यालयास याचा इन्कार करावा लागला. विषाणू श्वासातून आणि खोकल्याच्या तुषारांतून पसरतो, टाळीने तो मरत नाही, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. पण तेही सोडा. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या येते हे आपल्याकडील कोणतीही आजीबाई सांगेल. म्हणजे २२ मार्चला अमावस्या नव्हतीच! भिंतीवरची दिनदर्शिका डोळ्यांसमोर टांगलेली होती. तिच्याकडे मान वळविण्याइतकी शंका कोणाच्या मनात आली नाही, एवढेच.

येथवर ज्या गोष्टी सांगितल्या त्यांवर आपण हसलो. आता जी सांगणार आहे तीवर हसता येणार नाही, कारण तीत माणसे मेली आहेत, आणि तीत थोडा दोष माझाही आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत असे संदेश महाराष्ट्रभर आणि देशभर फिरत होते. आमच्या नातेवाइकांतही असाच एक संदेश आला. पाठविणारे माझे मामा. मला त्यातील खोटेपणा वाचताक्षणी कळला. गावाचे नाव नाही, तारीख नाही, पोलीस ठाणे नाही. फिर्याद म्हणून तो कागद कोणी हातातही धरला नसता. परंतु मामा वयाने वडील. चारचौघांत त्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून मी गप्प राहिलो. मी तो पुढे पाठविला नाही, आणि एवढ्यावर आपले कर्तव्य झाले असे मानले.

१ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे तेथे भिक्षा मागत आली होती, ती सोलापूरकडची. मुले पळविणारे हेच, असा संशय घेऊन जमावाने त्यांना मारहाण केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे ठेचून मारले. पाचही जण मेले. त्याच सुमारास आपल्या मालेगावात एका कुटुंबाला जमावाने याच संशयावरून घेरले होते. पोलिसांनी शर्थ केली म्हणून ती माणसे वाचली.

त्या दिवसांतील संदेशांत कोणते पुरावे होते? देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेल्याचे दिसत होते. ती चित्रफीत पाकिस्तानातील कराची शहरात, आईबापांनी सावध राहावे म्हणून मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत शेवटी मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवितात. तेवढा शेवट कोणी कापून टाकला होता. दुसऱ्या संदेशातील मृत बालकांची छायाचित्रे सीरियातील होती; २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती बालके मेली होती. कराचीचा बोध आणि सीरियाचे दुःख, दोन्हींची आपल्याकडे अफवा झाली. जागतिक घडामोडींवर सहज गप्पा मारण्याचा हा शेवट आहे. चित्र खरे असते, पण जागा खोटी असते आणि काळ खोटा असतो.

आणि मेले कोण? ज्यांना घर नाही, ज्यांच्या बाजूने बोलावयास त्या गावात कोणी नाही, ते. "आम्ही भिक्षेकरी आहोत" असे ते सांगत असतील, पण त्यांचा शब्द ऐकावयास जमाव तयार नव्हता. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या कायद्याने भटक्यांच्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, परंतु पुराव्यावाचून माणसाला गुन्हेगार ठरविण्याची खोड समाजात उरली आहे. जी खोड एके काळी आपल्यावर चालली, तीच आपल्या हातून दुसऱ्या दुर्बळावर चालू नये, एवढी जबाबदारी आपल्यावर आहे.

काही दिवसांनी मी मामांकडे गेलो. विचारले, "मामा, तो संदेश तुम्हांला कोणी पाठविला होता?" ते म्हणाले, "अरे, सगळ्यांकडेच आला होता." पिंजऱ्यातील साक्षीदाराचे तेच उत्तर! परंतु मामांना दोष देऊन मी सुटू शकत नाही. त्यांना ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते. ज्याला खोटे कळते आणि जो भिडेखातर गप्प बसतो, त्याचा अपराध न कळणाऱ्याहून मोठा आहे. मी त्या दिवशी बोललो असतो तर राईनपाड्याची पाच माणसे वाचली असती असे मी म्हणत नाही. तसा दावा करण्यास माझ्याजवळ पुरावा नाही. परंतु माझ्यासारखे हजारो गप्प बसले आणि अफवेला वाट मोकळी मिळाली, हे मात्र मी नाकारू शकत नाही. हे मी मामांनाही सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मला तोंडावर सांग." तेव्हापासून मी सांगतो.

त्या घटनेनंतर १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांसंबंधी सरकारांना आदेश दिले, आणि व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमाने, अफवा पसरवून लोकांत भय किंवा वैर उत्पन्न करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु कायदा घटनेनंतर धावतो. घटनेपूर्वी धावणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तुमचा प्रश्न.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, कोणतीही बातमी, मग ती विज्ञानाची असो वा इतिहासाची, यंत्राची असो वा परदेशाची, तिला घरात घेण्यापूर्वी उंबऱ्यावर चार प्रश्न विचारा. हे कोणी स्वतः पाहिले? हे कोठले आणि केव्हाचे आहे? यातील हिशेब जुळतो काय? आणि हे खोटे ठरले तर नुकसान कोणाचे होईल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर "मला ठाऊक नाही" असे म्हणण्यात कमीपणा नाही. तो विद्येचा आरंभ आहे. आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर एखादा गरीब, परका किंवा एकटा मनुष्य असे असेल, तर गप्प बसू नका. वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण स्पष्ट शब्दांत सांगा.

हीच कसोटी आपल्या माणसांच्या बोलण्यालाही लावा. बाबासाहेबांच्या नावावर कितीतरी वाक्ये फिरत असतात. महाराष्ट्र शासन १९७९ पासून त्यांचे समग्र लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध करीत आले आहे. जे वाक्य त्यांचे म्हणून सांगावयाचे ते कोणत्या खंडात आणि कोणत्या पानावर आहे हे आधी पाहा. ज्या महापुरुषाने आयुष्यभर ग्रंथांचा आधार देऊन लिहिले, त्यांच्या तोंडी आधार नसलेले वाक्य घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

घटनेच्या ५१-क कलमाने वैज्ञानिक दृष्टी, मानवता आणि शोधक बुद्धी वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते घटनेत आले. ते शिकविण्यास मोठी शाळा लागत नाही. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास बसा. आठवड्यात आलेली एक बातमी मुलांपुढे ठेवा आणि चार प्रश्न त्यांनाच विचारू द्या. त्यांची उत्तरे चुकली तरी चालतील. प्रश्न विचारण्याची त्यांना सवय लागली, म्हणजे उद्या त्यांच्या गावात पाच परकी माणसे आली असता जमावातून एक तरी आवाज उठेल: "थांबा. तुम्ही स्वतः पाहिले आहे काय?"

तो आवाज आपल्या घरातील मुलाचा असावा, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.